आपत्ती आणि यात्रा : केदारखंडाच्या वाटेवरील दोन शतके



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा विषय भूगोल आणि माझा इतिहास. आमच्या तासिका बहुधा लागोपाठ असत आणि त्यांनी भिंतीवर टांगलेला नकाशा मी तसाच राहू देत असे. नव्या वर्गाला ते पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारीत : आपल्या कान्ह नदीचे पाणी शेवटी जाते कोठे? मुले हसत, कारण शहरातील त्या नदीची कळा सर्वांना ठाऊक होती. मग गुरुजी नकाशावर काठी ठेवून सांगत, की कान्ह आपल्या याच सांवेर रोडच्या दिशेने उत्तरेस निघते, उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना प्रयागास गंगेला. तेवढ्यावर न थांबता ती काठी पुढे गंगेच्या उलट दिशेने वर चढे आणि देवप्रयाग, रुद्रप्रयाग ओलांडून मंदाकिनीच्या उगमापाशी, केदारनाथाजवळ विसावे. "आपले पाणी आणि केदाराचे पाणी प्रयागास भेटते," हे त्यांचे वाक्य या सभागृहातील अनेकांना आठवत असेल.

आजचा माझा विषय त्या काठीच्या टोकापाशी आहे. डोंगराळ प्रदेशात भूकंप, दरड, महापूर अशा आपत्ती येतात, तेव्हा तेथे जाणाऱ्या यात्रेकरूंचे आणि यात्रेवर जगणाऱ्या माणसांचे काय होते? यात्रा खंडित होते की नव्या रूपाने चालू राहते? आणि आपत्तीने शिकविलेले शहाणपण किती वर्षे टिकते? गढवालच्या, म्हणजे पुराणांतील केदारखंडाच्या, दोनशे वर्षांच्या इतिहासावरून या प्रश्नांचा विचार करावा, असा माझा अल्पसा प्रयत्न आहे.

हा विषय इंदूरच्या श्रोत्यांना दूरचा वाटू नये. आपली शाळा ज्या रस्त्यावर उभी आहे, तो मुळातच यात्रेचा रस्ता आहे. आज त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने दिसत असले, तरी सांवेरवरून उज्जैनला महाकालाच्या दर्शनासाठी जाणाऱ्यांचा ओघ कधी थांबलेला नाही. उत्तरेस महाकाल, दक्षिणेस ओंकारेश्वर, अशा दोन ज्योतिर्लिंगांच्या मध्ये आपण राहतो. तिसरे ज्योतिर्लिंग हिमालयात आहे आणि तेथवर जाण्याची आस माळव्यातील मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या आपल्या कारकिर्दीत काशी, गया, सोमनाथ येथे जी कामे केली, ती सर्वश्रुत आहेत. त्यांच्या धर्मकार्यांच्या यादीत केदारनाथ येथील धर्मशाळेचाही उल्लेख येतो. महेश्वरी बसलेल्या राज्यकर्त्या स्त्रीने आपल्या राज्याबाहेर, परक्या राजाच्या मुलखात, वाटसरूच्या डोक्यावर छप्पर असावे म्हणून खर्च केला, ही गोष्ट आपण स्मरणात ठेवावी. व्याख्यानाच्या अखेरीस मला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

विषय निवडण्यामागे एक खाजगी कारणही आहे आणि ते आधीच सांगून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. २०१३ च्या मे महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी पत्नीसह घरी आला. दोघांना केदारनाथास जावयाचे होते. मे अखेरीस जावे की जूनच्या मध्यास, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी आदल्या वर्षी जाऊन आलो होतो, म्हणून मजकडे आले. मी म्हणालो, "मेमध्ये गर्दी फार. जूनच्या मध्यास निघा. पाऊस तिकडे महिनाअखेरीस पोहोचतो, तोवर तुम्ही परत याल." हा सल्ला वावगा नव्हता, अनुभवी माणसे तोच देत असत. ती दोघे परत आली नाहीत. मी त्यांना खोटे सांगितले, असे मला कोणी म्हटलेले नाही, आणि त्यांच्या घरच्यांनी तर कधी शब्दानेही दोष दिला नाही. परंतु ज्याने आयुष्यभर इतिहास शिकविला, त्याने त्या वाटेचा इतिहास मात्र विचारात घेतला नव्हता, ही खंत मला गेली काही वर्षे वाचनाकडे ढकलीत आली आहे. आजचे व्याख्यान हे त्या वाचनाचे फलित समजावे.

प्रथम जुन्या यात्रेचे स्वरूप पाहू. माझी आजी स्वातंत्र्यापूर्वी बदरी-केदारास जाऊन आली. निघण्यापूर्वी तिने अंगावरचे दागिने सुनांना वाटून दिले होते. "परत आले तर माझे, नाही तर तुमचे," असे ती म्हणाल्याचे वडील सांगत. परत आल्यावर घरात मावंदे झाले. गंगेच्या गडव्याची पूजा झाली, आप्तेष्ट जेवले. मावंदे हा केवळ आनंदाचा सोहळा नव्हता. एक माणूस मृत्यूच्या वाटेने जाऊन सुखरूप घरी आले, याची ती जाहीर नोंद असे. त्या पिढीच्या यात्रेत संकट हा अपघात नसून प्रवासाचा एक गृहीत धरलेला भाग होता.

ऋषिकेशपासून पुढे पायी चालावे लागे. दर काही मैलांवर 'चट्टी' असे. चट्टी म्हणजे गवताने वा पाट्यांनी शाकारलेले लांबट छप्पर. चट्टीवाल्याकडून पीठ, तांदूळ, डाळ विकत घेतली, की मुक्कामाचे भाडे पडत नसे आणि स्वयंपाकाची भांडीही तोच देई. वृद्धांसाठी पाठीवरची कंडी किंवा माणसांनी खांद्यावर वाहावयाची डांडी असे. आपल्या साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर १९१२ साली स्वामी आनंद यांच्या समवेत असेच पायी हिंडले आणि पुढे त्यांनी गुजरातीत 'हिमालयनो प्रवास' हा ग्रंथ लिहिला. या पद्धतीत एक गुण नकळत सामावलेला होता. माणसे थोडी थोडी, विखुरलेली आणि संथ चालत. वाटेत समोरून परतणारा यात्रेकरू भेटे. पुढे दरड आहे की पूल गेला आहे, हे तो सांगे. चट्टीवाला त्याच डोंगरातला असल्यामुळे आभाळाचा रंग ओळखून तो माणसे थांबवून धरी. म्हणजे धोक्याची वार्ता यात्रेकरूंच्या गतीहून सावकाश चालत नसे. माझ्या आजच्या प्रतिपादनाचा हाच गाभा आहे.

आता आपत्तींकडे वळू. १ सप्टेंबर १८०३ रोजी गढवालमध्ये प्रचंड भूकंप झाला. दिल्लीतील कुतुबमिनाराचा माथ्यावरचा घुमट त्यात कोसळला, यावरून त्याच्या आवाक्याची कल्पना यावी. मराठ्यांच्या इतिहासात हाच महिना दुर्दैवी ठरला. ११ सप्टेंबरला दिल्लीजवळ आणि २३ सप्टेंबरला असईला शिंद्यांच्या फौजांचा पराभव झाला. त्या धामधुमीत हिमालयातील हाहाकाराकडे आपल्या इतिहासकारांचे लक्ष फारसे गेले नाही. अलकनंदेच्या काठी वसलेली गढवालची राजधानी श्रीनगर उद्ध्वस्त झाली. बदरीनाथाच्या मंदिराची इतकी हानी झाली, की पुढे ते जवळजवळ नव्याने उभारावे लागले. दुबळ्या झालेल्या राज्यावर गुरख्यांनी आक्रमण केले आणि १८०४ साली राजा प्रद्युम्नशाह डेहराडूनजवळ लढाईत मारला गेला. भूकंप, परचक्र आणि ओसाड राजधानी, एवढे सारे एकाच वेळी कोसळल्यावर यात्रा नामशेष झाली असेल, असे कोणासही वाटेल.

घडले ते निराळेच. १८०८ साली गंगेच्या उगमाचा शोध घेण्यासाठी कंपनी सरकारने पाठविलेल्या तुकडीत कॅप्टन रेपर नावाचा अधिकारी होता. त्याने श्रीनगरची मोडलेली घरे पाहिली, पडका राजवाडा पाहिला. आणि त्याच प्रवासात, त्या वर्षी बदरीनाथास आलेल्या यात्रेकरूंची संख्या पंचेचाळीस ते पन्नास हजार असावी, असा अंदाजही नोंदविला. ते हरिद्वारच्या कुंभमेळ्याचे वर्ष होते आणि या गर्दीत मोठा भरणा साधू-बैराग्यांचा होता, हे खरे. तरीही भूकंपाला पाच वर्षे होतात न होतात, तोच पडझड झालेल्या वाटेने एवढा समुदाय वर चढला, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. आपत्तीने यात्रा मोडत नाही, हा पहिला निष्कर्ष येथेच निघतो.

१८१५ नंतर अलकनंदेच्या पूर्वेकडील मुलूख इंग्रजांकडे गेला. पूर्वीच्या राजांनी यात्रेकरूंच्या अन्नछत्रासाठी, म्हणजे सदावर्तासाठी, गावांचा वसूल लावून दिलेला होता. ट्रेल नावाच्या कमिशनरने त्या निधीतून यात्रामार्ग बांधविला आणि पूल घातले. पुढे त्याच निधीतून वाटेवर दवाखानेही निघाले. धर्मासाठी दिलेला पैसा रस्त्याच्या सुरक्षिततेसाठी वापरणे त्या काळी कोणास विसंगत वाटले नाही, एवढे येथे नमूद करतो.

यानंतरची घटना आपल्या शाळेतील प्रत्येक मुलास सांगावी अशी आहे. सप्टेंबर १८९३ मध्ये अलकनंदेस मिळणाऱ्या बिरही गंगेच्या दरीत, गोहना गावाजवळ, डोंगराचा एक प्रचंड भाग कोसळला आणि सुमारे नऊशे फूट उंचीचा नैसर्गिक बांध तयार झाला. नदी अडली. मागे सरोवर भरू लागले. ते कधी ना कधी फुटणार आणि खालची सारी दरी धुऊन नेणार, हे उघड होते. पुलफर्ड नावाच्या इंजिनिअरने पाहणी करून, पुढील वर्षीच्या ऑगस्टच्या मध्यास पाणी बांधाच्या माथ्यावर येईल, असे अनुमान केले. मग सरकारने काय करावे? सरोवरापाशी एक अधिकारी कायमचा बसविला. तेथून हरिद्वारपर्यंत तारायंत्राची तार ओढली. पूर कोठवर चढेल त्याच्या खुणा दरीच्या उतारांवर केल्या आणि त्या खुणांच्या वर राहावे, असे गावोगाव बजावले. झुलते पूल आधीच सोडवून घेतले. यात्रेकरूंसाठी दुसरी वाट तयार करून यात्रा तिकडे वळविली. २५ ऑगस्ट १८९४ रोजी पाणी बांधावरून वाहू लागले आणि मध्यरात्रीच्या सुमारास बांध खचला. दुसऱ्या दिवशी श्रीनगर गाव जवळजवळ राहिले नव्हते. परंतु माणसे वाचली होती. प्राण गेले ते फक्त पाच जणांचे. एक फकीर आणि त्याच्या घरची माणसे, ज्यांना तेथून हलविल्यानंतरही ती परत येऊन राहिली होती. पुढे श्रीनगर उंचावर नव्याने वसविण्यात आले.

परक्या सरकारची स्तुती करण्यासाठी मी हे सांगत नाही. निसर्गाने त्या वेळी अकरा महिन्यांची मुदत दिली होती आणि अशी मुदत सहसा मिळत नाही, हेही मान्य केले पाहिजे. मुद्दा असा, की यात्रा त्यांनी बंद केली नाही, वळविली. आणि वार्ता पाण्यापेक्षा आधी पोहोचेल, अशी व्यवस्था केली. आपत्ती टळली नाही, परंतु तिचा घास हिरावून घेता आला.

विसाव्या शतकात चित्र पालटले. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यांची कामे झपाट्याने झाली आणि त्या दशकाअखेरपर्यंत मोटार थेट बदरीनाथास जाऊ लागली. पायवाटेवरच्या चट्ट्या ओस पडल्या. ज्या वाटेला पूर्वी आठवडे लागत, ती दोन दिवसांची झाली. वृद्धांना, स्त्रियांना, गरिबांना यात्रा सुलभ झाली, ही केवढी तरी मोठी गोष्ट. परंतु रस्ता नदीच्या अगदी कडेने गेला आणि पूर्वी विखुरलेली माणसे आता बसगाड्यांत एकत्र बसून एकाच ठिकाणी थांबू लागली. २० जुलै १९७० रोजी अलकनंदेला महापूर आला, तेव्हा पीपलकोटी आणि जोशीमठ यांच्या दरम्यानचे बेलाकूची हे ठिकाण बसगाड्यांसकट वाहून गेले. गोहना तलावाचा जो भाग १८९४ नंतर उरला होता, तोही याच पुरात गाळाने भरून संपला. चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांचे दशोली ग्रामस्वराज्य मंडळाचे सहकारी मदतीसाठी धावले. वरच्या उतारांवरची जंगलतोड आणि खालचा पूर यांचा संबंध त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिला. १९७३ साली मंडल गावी सुरू झालेल्या चिपको आंदोलनाची एक मुळी या पुरात आहे. आपत्तीतून शहाणपण निघाले, पण ते सरकारी कचेरीत नव्हे, तर त्या दरीत राहणाऱ्या माणसांत निघाले, ही नोंद महत्त्वाची.

पुढे २० ऑक्टोबर १९९१ च्या पहाटे उत्तरकाशीचा भूकंप झाला आणि सातशेहून अधिक माणसे दगावली. यात्रेचा हंगाम संपत आला होता, म्हणून यात्रेकरू बचावले. १८ ऑगस्ट १९९८ रोजी कुमाऊँमधील मालपा येथे रात्री कोसळलेल्या दरडीखाली कैलास-मानससरोवराच्या यात्रेकरूंचा एक जथा मुक्कामाच्या जागीच गाडला गेला. प्रख्यात ओडिसी नर्तिका प्रोतिमा बेदी त्यात होत्या. यात्रेकरू आणि स्थानिक मिळून दोनशेहून अधिक प्राण गेले. प्रत्येक वेळी वृत्तपत्रांत हळहळ उमटली आणि पुढल्या हंगामात वाटा पुन्हा भरल्या.

आणि मग जून २०१३. त्या वर्षी मोसमी पाऊस विलक्षण घाईने आला. एरवी जुलैमध्ये तो सारा देश व्यापतो; त्या वर्षी १६ जूनलाच त्याने देश व्यापला. मी दिलेला सल्ला ज्या पंचांगावर आधारलेला होता, ते पंचांगच त्या वर्षी खोटे ठरले. १६ आणि १७ जूनला केदारनाथावर अखंड पाऊस कोसळला. १७ च्या सकाळी मंदिरामागील चोराबारी हिमनदीजवळचा तलाव फुटला. १९४८ साली गांधीजींच्या अस्थी तेथे विसर्जित झाल्यामुळे त्याला गांधी सरोवर म्हणत. पाणी आणि धोंडे गावावर आले. एक प्रचंड शिळा मंदिराच्या मागे अडली आणि मंदिर उभे राहिले. भोवतालचे गाव राहिले नाही. गौरीकुंडाच्या वर, अर्ध्या वाटेवर रामबाडा नावाचे वस्तीचे ठिकाण होते. २०१२ साली मी तेथे बाकावर बसून चहा घेतला होता आणि चहावाल्याने, खाली उतरताना गुडघ्याला पट्टा बांधा, असे बजावले होते. २०१५ मध्ये मी पुन्हा गेलो, तेव्हा वाट नदीच्या पलीकडून नेलेली होती आणि समोर केवळ पांढऱ्या धोंड्यांचा पट्टा दिसत होता. घोडेवाल्याने हात करून म्हटले, "बाबूजी, वो रहा रामबाड़ा." तेथे दाखविण्यासारखे काहीही नव्हते.

त्या आपत्तीत मृत आणि बेपत्ता मिळून पाच हजारांहून अधिक माणसे गेली. सैन्य, विमानदल आणि निमलष्करी दले यांनी लाखाहून अधिक लोकांना बाहेर काढले. त्या कामात २५ जून रोजी हेलिकॉप्टर कोसळून वीस जणांनी प्राण वेचले. वार्तेच्या बाबतीत काय घडले? भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा एक अहवाल त्याच वर्षी एप्रिलमध्ये, म्हणजे प्रलयाच्या दोन महिने आधी, संसदेपुढे आला होता. उत्तराखंडात २००७ साली स्थापन झालेल्या राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने काम करण्याचे नियम वा मार्गदर्शक तत्त्वेही आखलेली नाहीत, असे त्यात नमूद होते. १८९४ मध्ये एका तारेवर जे साधले, ते दूरध्वनी प्रत्येकाच्या खिशात असलेल्या युगात साधले नाही. दोन्ही प्रसंग सारखे नव्हते, हे मी आधीच म्हटले आहे. परंतु वार्ता वाहून नेण्यासाठी यंत्र पुरत नाही. ती वाहण्याची जबाबदारी कोणावर तरी नेमून दिलेली असावी लागते, एवढे यातून निश्चित कळते.

यानंतर यात्रेचे काय झाले, ते आकड्यांनीच सांगतो. केदारनाथास २०१२ साली सुमारे पावणेसहा लाख यात्रेकरू आले होते. २०१४ साली आले ते जेमतेम एकेचाळीस हजार. घोडेवाले, कंडीवाले, पूजारी, खानावळवाले, पूजासाहित्य विकणारे या सर्वांच्या चुली यात्रेच्या सहा महिन्यांवर वर्षभर पेटत. त्यांच्या दृष्टीने पूर दोन वेळा आला : एकदा पाण्याचा आणि दुसऱ्यांदा शुकशुकाटाचा. देवली-भणिग्राम या पूजाऱ्यांच्या गावात घरोघरचे कर्ते पुरुष केदारी गेले ते परतले नाहीत. तेथील विधवांना त्या दुसऱ्या पुराशीच झगडावे लागले. पर्यटन बंद ठेवा, असे आपण दूर बसून सहज म्हणतो. ते म्हणण्यापूर्वी या घरांचा विचार केला पाहिजे.

परंतु शुकशुकाट टिकला नाही. नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या पथकांनी बर्फात काम करून वाट आणि वस्ती पुन्हा उभारली, यात्रेकरूंची नोंदणी सुरू झाली आणि २०१९ साली संख्या दहा लाखांवर गेली. २०२३ साली ती एकोणीस लाखांच्याही पुढे होती. दहा वर्षांत, प्रलयापूर्वीच्या तिपटीहून अधिक! मार्च २०२५ मध्ये सोनप्रयाग ते केदारनाथ अशा सुमारे तेरा किलोमीटरच्या रज्जुमार्गाला केंद्र शासनाने मंजुरी दिली; आठ-नऊ तासांची चढण त्यामुळे छत्तीस मिनिटांवर येईल, असे सांगण्यात आले. त्याच वर्षी ५ ऑगस्टला गंगोत्रीच्या वाटेवरील धराली गावावर खीरगंगेच्या नाल्यातून चिखलधोंड्यांचा लोंढा आला आणि हॉटेलांची, घरांची रांग काही क्षणांत गाडली गेली. त्या गावातील कल्पकेदाराचे प्राचीन मंदिर पूर्वीच्या कोणत्या तरी पुरात गाळाखाली दडले होते आणि विसाव्या शतकात उकरून काढले होते. २०२५ मध्ये ते पुन्हा गाडले गेले. नाल्याच्या तोंडाशी घर बांधू नये, याचा दगडी पुरावा गावाच्या मध्यावर उभा होता आणि लोक त्याला नमस्कार करून पुढे जात होते.

श्रोतेहो, दोनशे वर्षांचा हा पट समोर ठेवल्यावर मला जे दिसते, ते असे. आपत्तीमुळे यात्रा थांबते ती एक-दोन हंगाम; यात्रेकरू परततोच. त्याच्या दृष्टीने कष्ट आणि संकट हे पुण्याचेच अंग असते, आणि ज्या देवाचे मंदिर प्रलयात उभे राहिले त्याच्यावरची श्रद्धा वाढते, घटत नाही. डोंगरातला माणूसही परततो, कारण त्याला दुसरी उपजीविका नाही. या दोघांनाही विसरणे सोयीचे आहे आणि त्यासाठी मी त्यांना दोष देणार नाही. म्हणून आठवण ठेवण्याचे काम त्यांच्यावर सोपवून चालत नाही. ते कोणीतरी तिसऱ्याने पत्करावे लागते. १८९४ साली ते सरोवराकाठी बसविलेल्या एका अधिकाऱ्याने केले. १९७० नंतर चंडीप्रसादजींसारख्यांनी केले. जेथे ते कोणीच केले नाही, तेथे आपण प्रेते मोजली.

प्रत्येक टप्प्यावर यात्रा अधिक वेगवान आणि अधिक दाट होत गेली, हा या इतिहासाचा दुसरा धागा आहे. पायी चालणारा यात्रेकरू डोंगराला आठवडाभर ओळखत ओळखत वर जाई. छत्तीस मिनिटांत वर पोहोचणाऱ्याला डोंगराची ओळख होणार कशी? वृद्धांनी आणि अपंगांनी दर्शन घेऊच नये, असे मी म्हणत नाही. माझे स्वतःचे गुडघे आता तसे म्हणू देत नाहीत. परंतु गती वाढवाल, तर वार्तेची गतीही त्या प्रमाणात वाढवावी लागेल. आणि एका दिवशी किती माणसांनी वर असावे, याला मर्यादा असावी लागेल. चट्ट्यांच्या काळात ही मर्यादा आपोआप पाळली जाई. आता ती ठरवून पाळावी लागेल.

येथे मी पुन्हा अहिल्याबाईंकडे येतो. केदारनाथ त्यांच्या राज्यात नव्हते. तेथील वाटसरूंची जबाबदारी गढवालच्या राजाची, असे म्हणून त्यांना स्वस्थ बसता आले असते. परंतु ज्या मुलखातून यात्रेकरू निघतो, त्या मुलखाचेही त्याच्याप्रती काही कर्तव्य असते, असे त्यांनी मानले. यात्रेकरू पाठविणारे गाव म्हणून आपले कर्तव्य कोणते? आज तेथे धर्मशाळा कमी नाहीत. कमी आहे ती निघणाऱ्याला आधी माहिती देणारी आणि निघाल्यावर त्याची खबर घेणारी व्यवस्था. माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्या माजी विद्यार्थी मंडळाने शाळेत एक वही ठेवावी. डोंगरातल्या यात्रेला निघणाऱ्याने तीत आपले नाव, मार्ग, मुक्काम आणि परतीची तारीख लिहावी. हवामानखात्याची सूचना पाहून त्याला ती कळविण्याचे काम मंडळातील एकाने अंगावर घ्यावे. थांबा, असे सांगण्याची वेळ आली, तर संकोच न करता सांगावे. आणि भूगोलाच्या वर्गात गुरुजींचा तो प्रश्न विचारताना गोहना, बेलाकूची आणि रामबाडा ही तीन नावे नकाशावर दाखवावीत.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या घरी, दोघे निघण्यापूर्वीच, मावंद्याची तयारी झाली होती. कोणाकोणाला बोलवायचे, याची यादी त्याच्या आईने केली होती आणि तीत माझे नाव होते. हे मला त्या माउलीने पुष्कळ दिवसांनी सांगितले. मावंदे झाले नाही. यापुढे या शाळेच्या परिवारातून जो कोणी केदारास, बदरीस, गंगोत्रीस जाईल, त्याच्या घरचे मावंदे व्हावे आणि त्याचे जेवण आपणा सर्वांस मिळावे, एवढीच माझी इच्छा आहे.

गुरुजींच्या स्मृतीस मी वंदन करतो.